होतकरू दंडार्थींसाठी मार्गदर्शिका

पूर्वी हे काम इतकं किचकट नव्हतं. २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षं अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात, कोणालाही, घरबसल्या आरोग्यविम्यातल्या खंडाचा दंड भरता येत असे. विमा घ्यायचा नाही, एवढंच पथ्य. बाकीचं एप्रिलात रिटर्न भरताना आपोआप जुळून यायचं. पण १ जानेवारी २०१९ पासून वॉशिंग्टननं दंडाची रक्कम शून्यावर आणून ठेवली आणि हौशी माणसाची पंचाईत झाली. आता दंड भरायचा तर थोडा अभ्यास लागतो, तारखांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि मुळात राहायला राज्य योग्य निवडावं लागतं.

एच-१बी व्हिसावर नव्यानं आलेल्या मराठी मुलामुलींना यातलं काहीच ठाऊक नसतं. कंपनी विमा देते, एचआरकडून लिंक येते, तीन प्लॅनपैकी मधला प्लॅन आपण मित्राला विचारून घेतो, आणि पुढे वर्षानुवर्षं दंडाचा योगच येत नाही. अशांसाठी हे प्राथमिक मार्गदर्शन. ज्यांनी आधी एकदा दंड भरलेला आहे त्यांनी सरळ आई-बाबांच्या प्रकरणाकडे जावं. अलीकडचं त्यांना पाठ असेल.

राज्य कसं निवडावं

ह्यूस्टन, शिकागो, अटलांटा या भागांत राहणाऱ्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. टेक्सासात दहा वर्षं विनाविमा काढलीत तरी करखातं तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. (हॉस्पिटलचं बिलिंग खातं बघेल, पण तो या मार्गदर्शिकेचा विषय नाही.) सध्या दंड भरून घेणारी ठिकाणं मोजकीच आहेत: मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, ऱ्होड आयलंड आणि राजधानीचा डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया.

व्हरमाँटचं नाव कुठे वाचलंत तर हुरळून जाऊ नका. तिथे २०२० पासून विमा सक्तीचा आहे खरा, पण तो न घेतल्यास दंड काहीच नाही. आपल्याकडे सोसायटीच्या बागेत 'फुले तोडू नयेत' अशी पाटी असते आणि पाटीखाली आजोबा परडी घेऊन उभे असतात, त्यातलाच प्रकार. मेरीलँड तर त्याहून निराशाजनक. तिथे कराच्या फॉर्मवर एक चौकोन असतो: घरात कोणाला विमा नसेल तर इथे खूण करा, स्वस्तात किंवा फुकट काही मिळतं का ते आम्ही बघतो. माणूस दंडाची मानसिक तयारी करून बसलेला असताना सरकारनं असं वागणं बरं नव्हे.

घराण्याचा विचार करायचा तर मॅसॅच्युसेट्स सगळ्यांत जुनं. तिथला कायदा २००६ सालचा, सही गव्हर्नर मिट रॉम्नी यांची. पुढे २०१२ मध्ये हेच रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि त्याच धर्तीवरचा देशपातळीचा कायदा निवडून आल्याबरोबर रद्द करतो म्हणाले. मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांना दंड नाही आणि गरिबांनाही नाही, त्यामुळे नवशिक्यानं तिथून सुरुवात करू नये.

नवशिक्यासाठी न्यू जर्सीच. एक तर ओक ट्री रोडला भाजी मिळते. शिवाय तिथलं सरकार तत्पर. गव्हर्नर फिल मर्फींनी २०१८ च्या मे महिन्यातच राज्याच्या कायद्यावर सही केली आणि ज्या दिवशी वॉशिंग्टनचा दंड शून्य झाला, त्याच दिवशी राज्याच्या राजधानीचा, ट्रेंटनचा सुरू झाला. खंडाबद्दल दंड करणाऱ्या कायद्यात त्यांनी एका दिवसाचाही खंड पडू दिला नाही. दर तोच ठेवला: प्रौढाला वर्षाला ६९५ डॉलर, मुलाला त्याच्या निम्मा, किंवा घरच्या उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेवरच्या भागाचे अडीच टक्के, यातलं जे जास्त भरेल ते. वरची मर्यादा म्हणजे राज्यातल्या ब्राँझ या स्वस्त श्रेणीतल्या प्लॅनचा सरासरी हप्ता. कॅलिफोर्निया २०२० मध्ये आलं, पण त्यांनी महागाईचा विचार केला. २०२३ सालासाठी तिथे प्रौढाला किमान ९०० आणि मुलाला ४५० होते. चौकोनी कुटुंबाचे २,७०० डॉलर कुठे गेले नाहीत.

आपण नेमकं काय भरतो

दंड भरण्यापूर्वी त्याचा थोडा पूर्वेतिहास माहीत असलेला बरा. २०१० च्या मार्चमध्ये ओबामांनी 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'वर सही केली. त्याआधी नोकरीतून नव्हे तर स्वतःचा स्वतः विमा घेणाऱ्याला जुनं दुखणं दाखवून कंपन्या वाटेला लावत. २०१४ पासून ते बंद झालं. मधुमेह असो, कॅन्सर होऊन गेलेला असो, कंपनीला नाही म्हणता येत नाही, आणि आजारी आहे म्हणून जास्तीचा हप्ताही लावता येत नाही. यावर कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात जो पहिला विचार येतो तो कायदा लिहिणाऱ्यांच्याही मनात आला: मग आत्तापासून हप्ते कशाला? दुखायला लागल्यावर घेऊ की! सगळ्यांनीच तसं केलं तर विम्यात फक्त आजारी माणसं उरणार आणि हप्ता कोणालाच झेपणार नाही. तेव्हा धडधाकट तरुणांना आत ओढण्यासाठी दंड आला. पहिल्या वर्षी माणशी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा एक टक्का, दुसऱ्या वर्षी ३२५ किंवा दोन टक्के, आणि २०१६ पासून ६९५ किंवा अडीच टक्के.

आता हा कर की दंड? ओबामांनी २००९ मध्ये टीव्हीवर ठासून सांगितलं होतं की हा कर नाही. नंतर त्यांच्याच वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की नसेल पटत, तर कर समजा. २८ जून २०१२ च्या निकालात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी दोन्ही पक्षांची सोय बघितली. अमेरिकेत एक जुना कायदा आहे की कर भरल्याशिवाय त्याविरुद्ध दावा लावता येत नाही. रॉबर्ट्स म्हणाले, त्या कायद्यापुरता हा कर नव्हे, म्हणून खटला आत्ताच चालवू. आणि त्याच निकालात पुढे गेल्यावर म्हणाले, राज्यघटनेपुरता मात्र हा कर आहे, म्हणून काँग्रेसला तो लावता येतो. पाच विरुद्ध चार मतांनी कायदा वाचला. त्या खटल्यात ब्रोकोलीवर बराच खल झाला होता: आज विमा घ्यायला लावाल, उद्या तब्येतीला चांगली म्हणून भाजी घ्यायला लावाल. न्यायालयानं ती सक्ती मानलीच नाही. विमा न घेण्याची मुभा आहे, त्यासाठी थोडा कर पडतो, असा त्या निकालाचा मथितार्थ. दंडार्थींच्या दृष्टीनं हा मोठा दिलासा. आपण कायदा मोडत नाही, आपण फक्त पैसे भरतो.

डिसेंबर २०१७ च्या करसुधारणेत ही रक्कम शून्य झाली, पण विमा घ्या असं सांगणारं कलम तसंच पुस्तकात राहिलं. मग टेक्सासनं दावा लावला की शून्य रुपयांचा, म्हणजे डॉलरांचा, कर असूच शकत नाही. कर नाही तर रॉबर्ट्स यांचा आधार गेला. आधार गेला तर अख्खा कायदाच पाडा. टेक्सासातल्या एका न्यायाधीशांनी डिसेंबर २०१८ मध्ये ते मान्यही केलं. सर्वोच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की शून्य डॉलरनं तुमचं काही नुकसान झालेलं दिसत नाही, घरी जा. तर असा हा दंड. दोनदा सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलेली रक्कम आपण भरतो आहोत, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

महिने मोजण्याची कला

नवशिके इथे हमखास कच्चे राहतात. आपल्याला वाटतं विमा संपला की दंड सुरू. तसं नाही. करखातं दिवस मोजत नाही, महिने मोजतं, आणि महिन्यात एक दिवस जरी विमा असला तरी तो अख्खा महिना विम्याचा धरतं. शिवाय खंड सलग तीन महिन्यांपेक्षा कमी असला तर तो माफ. म्हणजे दोन महिन्यांचा खंड पाडून दंडाची वाट बघत बसलात तर पदरी काही पडणार नाही. उलट तो तीन महिन्यांचा झाला की पहिले दोन माफ आणि तिसऱ्याचा दंड असंही होत नाही. तिन्ही महिने हिशेबात येतात.

एक उदाहरण सावकाश सोडवू. समजा तुम्ही एकटे आहात, न्यू जर्सीत राहता, वर्षाला ९०,००० डॉलर पडतात. ३० एप्रिलला नोकरी सुटली आणि त्याच दिवशी विमाही. १५ जुलैला नवी नोकरी लागली. इथे बरेच जण सुस्कारा सोडतात, की चला, अडीच महिन्यांत निभावलं. पण नोकरी लागली म्हणजे विमा लागला असं नव्हे. नव्या कंपनीला विमा सुरू करायला ९० दिवसांपर्यंत वेळ घेण्याची कायद्यानंच मुभा आहे, आणि पुष्कळ कंपन्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू करतात. तुमचा १ ऑगस्टला सुरू झाला. मे, जून, जुलै, भरले तीन महिने. अडीच टक्क्यांच्या हिशेबानं वर्षाचा दंड दोन हजारांच्या जवळपास, त्याचा पाव हिस्सा म्हणजे पाचशेच्या आसपास डॉलर झाले. हाच विमा ३१ जुलैला सुरू झाला असता तर जुलै विम्याचा धरला गेला असता, खंड दोन महिन्यांचा राहिला असता आणि दंड शून्य. एचआरच्या माणसाला हे सांगून बघा. तो म्हणेल, आमचं धोरण एक तारखेचं आहे.

कॅलिफोर्नियात हाच माणूस, हेच महिने, आणि दंड नाही. तिथे तीन महिन्यांपर्यंतचा खंड, तीन धरून, माफ आहे. इकडे 'तीनपेक्षा कमी', तिकडे 'तीन किंवा कमी'. सनीवेलचा मित्र 'मला तर काही भरावं लागलं नाही' असं म्हणाला तर त्याच्या भरवशावर राहायला हरकत नाही. दंडार्थीला असे मित्र उपयोगी पडतात.

नोकरी सुटल्यावर एक जाडजूड पाकीट येतं. त्यात 'कोब्रा'ची कागदपत्रं असतात. जुन्याच कंपनीचा विमा आणखी दीड वर्षापर्यंत चालू ठेवण्याचा हक्क, फक्त पूर्ण हप्ता आता तुम्ही भरायचा, वर दोन टक्के हाताळणीचे. आतापर्यंत कंपनी किती भरत होती हे त्या दिवशी कळतं. केएफएफ या आरोग्यधोरण संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबविम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता. म्हणजे कोब्राचे महिन्याला एकवीसशेच्या वर, तेही पगार बंद असताना. त्यापुढे दंड म्हणजे किरकोळ, हे तुम्ही चटकन हेराल, आणि अमेरिकेतल्या लाखो तरुणांनी ते हेरलंही होतं.

पण पाकीट फेकू नका. म्हणजे खरं तर फेकाच, दंड हवा असेल तर. कारण कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. सत्तावन्नाव्या दिवशी अपेंडिक्स दुखायला लागलं आणि अठ्ठावन्नाव्या दिवशी तुम्ही सही करून मागचे सगळे हप्ते भरलेत, तर मधला खंड पडलाच नव्हता असं धरतात. असा पडलेला खंड मागे जाऊन बुजवण्याची सोय कायद्यातच आहे आणि ती त्या पाकिटात असते.

ते पाकीट न उघडण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. एच-१बीवाल्याची नोकरी गेली की त्याच्या डोक्यात एकच साठ दिवस असतात: तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. कोब्राचे साठ दिवस त्याच वेळी चालू असतात. 'गेट कव्हर्ड एनजे' किंवा 'कव्हर्ड कॅलिफोर्निया' या राज्यांच्या विमाबाजारांत स्वतंत्र विमा घेण्याचे आणखी एक साठ दिवस, तेही त्याच वेळी. एच-१बीवर तिथे विमा मिळतो हे अनेकांना माहीत नसतं आणि कोणी आपणहून सांगतही नाही. माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत लिंक्डइनवर असतो आणि टपालपेटी आठवड्यातून एकदा, पिझ्झाची कुपनं भरून वाहायला लागली की उघडतो. अस्सल दंडार्थी बहुतेक इथेच घडतो, आणि तो बेफिकीर नसतो, घाबरलेला असतो.

आई-बाबा

व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा या कामी निरुपयोगी. सहा महिन्यांसाठी आलेला पाहुणा कराच्या दृष्टीनं इथला रहिवासी नसतो, तेव्हा त्यांना दंड लागत नाही. हॉस्पिटलात जावं लागलं तर जे व्हायचं ते होतं, पण करखात्याचा त्याच्याशी संबंध नाही.

दंडार्थीची खरी इस्टेट म्हणजे ग्रीन कार्डवाले आई-बाबा. मुलगा नागरिक झाला, त्यानं हौसेनं दोघांना ग्रीन कार्ड करून दिलं. ते वर्षातले काही महिने न्यू जर्सीतल्या एडिसनला, काही मिरजेला. विम्याचा विषय निघाला की बाबा म्हणतात, "अरे, मिरजेचा माणूस मी. आमच्याकडे गल्लीगल्लीत दवाखाने. औषधपाण्याला मी अमेरिकेत कशाला येऊ?" मुलगा म्हणतो, "बाबा, इथे असताना काही झालं तर?" त्यावर आई पर्समधून निघतानाच काढलेली प्रवासविम्याची पॉलिसी दाखवते. तिच्यावर शिक्का आहे, सही आहे, कव्हर पन्नास हजार डॉलरचं आहे. सगळं आहे, फक्त ती या हिशेबात विमा म्हणून धरली जात नाही.

मुलगा रिटर्नमध्ये दोघांना अवलंबित दाखवतो, कारण सीए भावानं सांगितलेलं असतं की त्यात फायदा आहे. अवलंबित दाखवले की त्यांच्या खंडाचा दंड मुलाच्या नावावर. आणि त्यातली मेख अशी की अडीच टक्के लावायचे ते आई-बाबांच्या उत्पन्नावर नाही, घरच्या सगळ्या उत्पन्नावर. विमा नसलेले दोघे असोत की चौघे, टक्का तोच. ब्राँझ हप्त्याची वरची मर्यादा तेवढी माणसांप्रमाणे हलते. नवरा-बायको मिळून दोन लाख डॉलर कमावत असतील आणि आई-बाबांचे पाच महिने खंडात गेले, तर अठराशेच्या आसपास डॉलर होतात. मुलगा, सून आणि दोन नातवंडं यांचा विमा वर्षभर अगदी चोख असूनही.

बाबांना वाटतं, आपण परदेशात असतानाचे महिने तर सुटलेच. परदेशी राहणाऱ्यांना सूट आहे, पण ती बारा महिन्यांत ३३० दिवस बाहेर काढणाऱ्याला. पाच-सहा महिने मिरजेत आंबे खाऊन येणाऱ्याला नाही. मेडिकेअरचं म्हणाल तर ग्रीन कार्डवाल्याला पासष्टी ओलांडूनही आधी पाच वर्षं इथे सलग राहावं लागतं. तोवर 'गेट कव्हर्ड एनजे'वर त्यांना विमा मिळू शकतो, उत्पन्नाप्रमाणे हप्त्यात मदतही मिळू शकते. ही माहिती मंडळाच्या गणपतीत कोणी सांगायला लागलं तर दंडार्थींनी प्रसादाच्या रांगेकडे सरकावं.

अपात्र ठरू नये म्हणून

इतकी तयारी करून ऐनवेळी सूट मिळाली तर सगळंच मुसळ केरात. तेव्हा सूट मिळण्याच्या अटी नजरेखालून घाला. तुरुंगात असाल तर दंड नाही. आमिश वगैरे पंथाचे असाल, विम्यावर श्रद्धाच नसेल, तरी नाही. समान श्रद्धेच्या लोकांनी एकमेकांची बिलं भागवण्यासाठी चालवलेल्या संस्थेचे सभासद असाल तरी सूट आहे, पण ती संस्था ३१ डिसेंबर १९९९ पासून अखंड चालू असावी लागते. त्यामुळे आपल्या मंडळानं यंदा आजारपणाची भिशी काढली तरी तुमच्या दंडाला धोका नाही.

सगळ्यांत स्वस्त विमासुद्धा उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपासपेक्षा जास्त जात असेल तर सूट मिळते. उत्पन्न इतकं कमी की रिटर्नच भरायची गरज नाही, तरी मिळते. आणि मग अडचणींची यादी आहे. देशपातळीच्या दंडाच्या काळात तिच्यात घर सुटणं, भाडं थकून घर खाली करण्याची नोटीस येणं, वीज किंवा गॅस तोडण्याची सूचना, आग, पूर, दिवाळखोरी, घरातला मारहाणीचा प्रसंग, जवळचं माणूस जाणं, न फिटलेली हॉस्पिटलची बिलं असं सगळं होतं. या यादीतला कुठलाही प्रसंग तुमच्यावर गुदरला असेल तर दंड माफ, फक्त अर्ज करायचा आणि सोबत पुरावा जोडायचा. वीज तोडल्याची नोटीस. आईच्या मृत्यूचा दाखला. ज्याच्या घरी वर्षभरात हे घडून गेलंय, तो हा अर्ज शोधत बसेल का, हा प्रश्न ती यादी करणाऱ्यांना पडला असेल असं वाटत नाही.

हे नुसतं वाटण्यावारी नेत नाही. २०१४ सालची पहिली रिटर्न आली तेव्हा करदात्यांची बाजू बघणाऱ्या, आयआरएस या केंद्रीय करखात्यातल्याच कचेरीनं, नॅशनल टॅक्सपेयर ॲडव्होकेटनं, २०१५ च्या जुलैत काँग्रेसला कळवलं की सुमारे ३ लाख लोकांनी जास्तीचा दंड भरला आहे. सरासरी माणशी ११० डॉलरच्या आसपास. त्यातल्या बहुतेकांचं उत्पन्न इतकं कमी होतं की त्यांना सूट मिळायला हवी होती. त्यांनी फॉर्म बघितला, विमा नाही हे प्रामाणिकपणे लिहिलं आणि सांगितले तेवढे पैसे भरून टाकले. आम्ही ज्यांना आदर्श म्हणून पुढे ठेवावं असे हे दंडार्थी, आणि त्यांना आपण आदर्श आहोत याचा पत्ताही नव्हता.

त्याच काळात दुसऱ्या टोकाला पट्टीचे लोक होते. देशाचा दंड वसूल करायला आयआरएसला तुरुंग नव्हता, घरावर बोजा चढवता येत नव्हता, पगारावर जप्ती आणता येत नव्हती. रिफंड येणार असेल तर त्यातून कापून घ्या, नाहीतर पत्रं पाठवत बसा. हे कलम वाचलेल्यांनी नोकरीतला डब्ल्यू-४ फॉर्म बदलून पगारातून कर कमी कापायला लावला, म्हणजे वर्षअखेर रिफंडच उरत नसे. आणि रिफंडच्या आशेवर फेब्रुवारीतच रिटर्न भरणारा हॉटेलातला पोऱ्या किंवा घरकाम करणारी बाई, त्यांचा मात्र पहिल्याच महिन्यात कापला जाई. माझ्या मते या दंडाची सगळी तऱ्हा एवढ्यात आली. विमा नसल्याची किंमत तो घेत नव्हताच. कलमं आणि कागद न वाचल्याची घेत होता, आणि अजूनही त्या पाच ठिकाणी पुष्कळदा तीच घेतो.

कागद

शेवटचा आणि सगळ्यांत सोपा मार्ग राहिला. यात विमा सोडावाही लागत नाही.

वर्षाच्या सुरुवातीला १०९५ नावाचा एक फॉर्म येतो. सरकारी बाजारातून विमा घेतला असेल तर १०९५-ए, विमा कंपनीकडून आला तर बी, मोठ्या कंपनीत नोकरीला असाल तर सी. मॅसॅच्युसेट्सवाल्यांना यांच्याबरोबर १०९९-एचसी. दिसायला हे सगळे क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीसारखेच. देशपातळीवर दंड शून्य झाल्यापासून बी आणि सी लोक बघतही नाहीत. पण राज्याला विमा असल्याचं तुम्हीच सांगायचं असतं. न्यू जर्सीत त्यासाठी एनजे-एचसीसी हे परिशिष्ट आहे. कॅलिफोर्नियाच्या ५४० क्रमांकाच्या फॉर्मवर वर्षभर सगळ्या घराला विमा होता, असं सांगणारा एक चौकोन आहे. सूट मागायची किंवा दंडाचा हिशेब करायचा तर ३८५३ क्रमांकाचा वेगळा फॉर्म. चौकोनात खूण करायची राहिली की तुमचा वर्षभराचा, हप्ते भरलेला, दात आणि डोळ्यांसकट असलेला विमा कागदावर दिसेनासा होतो. मग राज्याकडून पत्र येतं, आणि ते पत्रही त्याच टपालपेटीत पिझ्झाच्या कुपनांखाली जातं.

पासष्टीच्या पुढच्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम वेगळा आहे. मेडिकेअरचा बी हा भाग वेळेवर घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि हा भाग घेतलेला असेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, वाढलेलाच राहतो. २०२५ चा हप्ता महिन्याला १८५ डॉलर होता. तीन वर्षं उशीर केलेल्याला त्यावर साडेपंचावन्न. नोकरी चालू असताना कंपनीचा विमा असेल तर ही वर्षं मोजत नाहीत. निवृत्त होऊन कोब्रावर निवांत बसलेल्यांची मात्र मोजतात, आणि हे त्यांना बऱ्याच उशिरा कळतं. यासाठी रिटर्नमध्ये वेगळा रकाना नाही. रक्कम सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनमधून हप्त्याबरोबर परस्पर कापली जाते, त्यामुळे फॉर्म भरण्याचीही तसदी पडत नाही.